डाव्या दाराखालचा पाइप

दहिवलीच्या वेल्डरकडे गाडी न्यायची ठरली, तेव्हा आदल्या संध्याकाळी मी बोनेट उघडून आतल्या सगळ्या महत्त्वाच्या भागांना टिकल्या लावल्या. बायकोच्या पाकिटातल्या, लाल, बारीक. एक कार्बोरेटरच्या बुडाला, एक डायनॅमोच्या मागे, एक पेट्रोलच्या पंपाखाली, अशा एकूण सात. कुणी आतला माल बदलला तर मला कळायला नको? जुन्या गाड्यांचे अस्सल भाग काढून घेतात आणि त्या जागी भंगारातलं काहीबाही बसवतात, असं मी ऐकलं होतं. कुणाकडून ऐकलं ते आता आठवत नाही. असलं काही कानावर आलं की मला ते लगेच पटतं. चांगलं काही ऐकलं तर मात्र मी दहा ठिकाणी चौकशी करतो.

गाडी म्हणजे पूर्वीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या जातीची, छोटी, गोल दिव्यांची. मी भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होतो. तिथल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी ती मला दिली आणि मग माझी उभी नोकरी ती क्वार्टर्ससमोर चिंचेखाली उभी राहिली. निवृत्त झाल्यावर आम्ही कर्जतला घर केलं, तेव्हा सामानाच्या टेंपोमागून मी तिला चालवत आणलं. दर रविवारी आम्ही दोघं तिच्यातून कशेळ्याच्या पुढं आमच्या शेतावर जातो. शेत म्हणजे थोडी भाताची जमीन, चार आंबे आणि एक खोली. येताना बायको कशेळ्याला थांबून भाजी घेते.

पाइपचं खूळ डोक्यात शिरलं ते खालापूरच्या बाजूला. तिथं एका रिसॉर्टवर जुन्या गाड्यांचा मेळावा होता. एक लाल, दोन दारांची गाडी आली. तिचा सायलेन्सर मागून नव्हता निघालेला, डाव्या दाराखालून बाजूलाच निघाला होता, चकचकीत. तिचं इंजिन चालू झालं आणि तो आवाज माझ्या पोटात उतरला. ह्या वयात लागू नये तशी मला ती गोष्ट लागली. कारणही हाताशी होतंच. शेताच्या रस्त्याला एक मोरी आहे, तिच्या चढावर आमचा मागचा पाइप घासायचा आणि दोनदा तुटलाही होता. बायकोला मी हेच सांगितलं.

“घासतो म्हणून करताय, की त्या लाल गाडीसारखा हवा म्हणून?” तिनं विचारलं.

“घासतो म्हणून.”

“बरं,” ती म्हणाली आणि पदराआड हसली.

दहिवलीचा वेल्डर माझ्याच वयाचा. भाताच्या गिरण्यांच्या इंजिनांना आणि शेतातल्या पंपांना सायलेन्सर करून देण्यात त्याचा जन्म गेला होता. अधूनमधून गेट, खिडक्यांच्या जाळ्या. तो गोणपाट टाकून गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. एवढं काय बघतोय म्हणून मीही वाकलो.

“सायब, पाइप बाजूनं काढतो, त्यात काय कठीन नाय,” तो खालूनच म्हणाला. “पन उजव्या अंगाला काढू. डाव्या अंगाला तुमचा तळ गेलेला हाय. मॅटखाली पत्रा सडून भोकं पडलीत. आदी तितं पत्रा मारू, मंग पाइप. चार दिवस गाडी ठेवा.”

झालं. माझं डोकं चालायला लागलं. मी पाइपसाठी आलोय, आणि हा पत्र्याचं काढून बसला. वर गाडी चार दिवस ह्याच्या ताब्यात. कशाला हवेत ह्याला चार दिवस?

“पत्रा राहू दे,” मी म्हणालो. “आज काय होईल तेवढं कर. मी इथंच बसतो. आणि पाइप डावीकडेच पाहिजे.”

डावीकडे का, ते मी त्याला सांगितलं नाही, पण इथं सांगायला हरकत नाही. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला गाडीची डावीच बाजू दिसते. चारफाट्यावर जीपची वाट बघत जी माणसं उभी असतात, त्यांनी तो पाइप बघावा अशी माझी इच्छा होती. त्याला मी म्हणालो, उजवीकडे आवाज माझ्या कानाशी येईल.

“मंग निदान चार बोटं भायेर काढू,” तो म्हणाला. “दाराच्या खाली धूर सुटला तर वर येतो, सायब.”

“बाहेर आला की शेताच्या फाटकाला घासेल. दाराच्या आतच पाहिजे.” मी मोबाइलवर त्या लाल गाडीचा फोटो दाखवला.

त्यानं फोटो नीट पाहिला. “त्या गाडीचा तळ चांगला असंल,” एवढंच म्हणाला आणि पाइप कापायला घेतला. मला ते बोलणं आगाऊ वाटलं.

दिवसभर मी स्टुलावर बसून राहिलो. चहासुद्धा तिथंच मागवला. दुपारी त्यानं इंजिनाकडचा सांधा सोडवायला बोनेट उघडलं आणि त्याला पेट्रोलच्या पंपाखालची टिकली दिसली. मग डायनॅमोची. तो थांबला.

“वयनींनी गाडीची वटी भरली काय?”

“नातीनं लावल्या असतील,” मी म्हणालो. आम्हाला नात नाही.

त्याला कळलं असणार. त्यानंतर तो हत्यार बदलायला जरी उठला तरी मला दिसेल अशा बेतानं उठायचा. संध्याकाळपर्यंत काम झालं. पाइपच्या तोंडाला ओलं गोणपाट दाबून त्यानं इंजिन चालू केलं आणि सांध्यासांध्याला कान लावला. मलाही लावायला लावला. कुठं फुसफुस नाही. काम चोख होतं, हे मला मान्यच करावं लागलं.

निघताना तो म्हणाला, “तेवडं पत्र्याचं बघा, सायब. तवर काचा उगड्या ठेवा.”

मी ‘बघू’ म्हणालो. घरी येऊन टिकल्या मोजल्या. सातही जागच्या जागी होत्या. तरी मला वाटलंच, की दिसल्यावर सावध झाला असेल.

आवाज मात्र मनासारखा झाला होता. पहिल्याच रविवारी चारफाट्यावर दोन माणसांनी वळून पाहिलं, आणि मी उगाच गिअर बदलला.

कशेळ्याच्या अलीकडे बायको म्हणाली, “अहो, डोकं जड झालंय.”

“थंडीनं असेल.”

“वास येतोय कसला तरी.”

“जुनी गाडी आहे. वास येणारच.”

तिनं काच खाली केली, तर मी तिला वर घ्यायला लावली. जानेवारीची सकाळ, वर रस्त्याची धूळ. माझ्या बाजूची काच मात्र मी हात दाखवायच्या जुन्या सवयीनं अर्धी उघडी ठेवतो, तशी ती होतीच. शेतावर आंब्याखाली तासभर बसल्यावर तिला बरं वाटलं. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. दुसऱ्या रविवारी तर तिला मळमळायला लागलं, आणि मोरीच्या कडेला मला गाडी थांबवावी लागली.

मधल्या आठवड्यात खालापूरहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. ह्या माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला सगळ्यांची कामं करून द्यायची हौस आहे. म्हणाला, “दाजी, इथं एका रिसॉर्टवाल्याला तुमच्यासारखी गाडी हवीय. चालवायची नाही, नुसती बागेत उभी करायची. लग्नाआधी पोरंपोरी फोटो काढायला येतात ना, त्यांच्यासाठी. फुलं-बिलं लावून ठेवतील.”

माझं पित्त खवळलं. मी फोन ठेवून दिला. आणि मग मी दोन गोष्टी एकाशेजारी एक मांडल्या. गाडी विकायचं भावाच्या मनात यायला आणि गाडीत बसलं की बहिणीचं डोकं दुखायला लागायला एकच आठवडा कसा सापडतो? माझं डोकं का दुखत नाही? मी तर तिच्या शेजारीच बसलेला असतो. हा माझा पुरावा होता आणि मला तो बिनतोड वाटत होता.

तरी मी गाडी तपासली, नाही असं नाही. खाली झोपून बॅटरी मारली. पण मी आयुष्यभर नोकरी केली ती पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांपाशी. पाणी गळलं की टपटपतं, फरशी ओली होते, आंधळ्यालाही कळतं. गळती शोधायची म्हणजे ओल शोधायची, एवढंच मला ठाऊक. धुराशी माझा कधी संबंधच आला नव्हता. सगळे सांधे कोरडे होते. मी उठलो, हात झटकले आणि गाडी ठणठणीत आहे असं ठरवलं. मॅट उचलून पाहिलंच नाही. ते वेल्डरनं काढलेलं खुसपट होतं ना.

तिसऱ्या रविवारी ती कपाळ दाबून बसली, तेव्हा मी बोललो. “नाटकं पुरे झाली. तुझ्या भावाला सांग, गाडी विकायची नाहीये.”

“विकायचं कोण म्हणतंय?”

“गाडीत काही नाही. मी स्वतः खाली झोपून बघितलंय. यंत्रांपाशीच माझी उभी नोकरी गेली. दुखणं असेल तर ते तुझं आहे, गाडीचं नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग समोर बघायला लागली. त्यानंतर तिनं गाडीत डोक्याचं नाव काढलं नाही. कशेळ्याला उतरायची, भाजी घ्यायची, परत येऊन बसायची. एकदा मुळ्याच्या डिंगऱ्या भाजीवाल्याकडेच विसरून आली, एकदा पायरी चुकली. मी म्हणालो, “बघ, बोललो तेव्हा कशी बरी झालीस.” हे वाक्य मी बोललोय. आता आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

घरात मात्र काहीतरी शिजत होतं. मी खोलीत आलो की तिचा फोनवरचा आवाज खाली जायचा. “नंतर बोलते रे,” म्हणायची. हा ‘रे’ कोण, ते सांगायला नको. मग एकदा ती दिवसभर माहेरी, खालापूरला जाऊन आली आणि माहेरच्यांचं काहीच सांगेना. एरवी तिकडून आली की दोन दिवस तेच पुराण चालतं. मी गाडीचं आरसी बुक कपाटातून काढून तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुसून परत कपाटात ठेवलेलं दिसलं.

त्या बुधवारी ती म्हणाली, “बाजारात जाऊन येते,” आणि पिशवी न घेता निघाली. पिशवी न घेता बाजारात. पस्तीस वर्षांच्या संसारात हे कधी झालं नव्हतं.

मी तिच्या मागं निघालो. गाडी नेता येत नव्हती. जिचा आवाज मी हौसेनं वाढवून घेतला, ती घेऊन कुणाचा पाठलाग करणार? चालतच गेलो, भिंतीच्या कडेकडेनं, चोरासारखा. स्टेशनच्या रस्त्याला माझा मेहुणा उभा होता. त्याच्या बगलेत हे एवढं मोठं पाकीट. दोघं एका इमारतीचा जिना चढून वर गेली. म्हणजे सौदा आजच होता. खाली पाट्या होत्या, त्यातली एकही मी वाचली नाही. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो.

वर बाकं होती आणि बाकांवर माणसं बसली होती. मेहुणा मला बघून उठला. “दाजी, तुम्ही?”

“कागद दे.”

“अहो, दाजी...”

“कागद दे म्हणतो ना.”

त्यानं पाकीट दिलं. मी ते तिथंच उघडलं. आत काळी फिल्म होती, आणि तिच्यावर एकाच डोक्याची कितीतरी चित्रं ओळीनं छापलेली. कोपऱ्यात माझ्या बायकोचं नाव होतं.

मी बाकावर बसलो. मेहुणा हळू आवाजात सांगत होता, की ताईनं शपथ घातली होती, त्या दिवशी खालापूरला जाते असं सांगून ती त्याच्याबरोबर डोक्याचा फोटो काढायला पनवेलला गेली होती, डोक्यात गाठ-बिठ असेल अशी तिला भीती आहे, गेले पंधरा दिवस तिला झोप नाही. ती माझ्या पलीकडेच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी फिल्म परत पाकिटात सरकवली आणि पाकीट मांडीवर धरून बसलो.

डॉक्टरांनी तिघांनाही आत घेतलं. फिल्म उजेडावर धरून ते म्हणाले, “ह्यात काही नाही. अगदी स्वच्छ आहे.” मग त्यांनी तिला विचारलं, “डोकं कधी दुखतं?”

“रविवारी.”

“फक्त रविवारी?”

“हो.”

“रविवारी काय करता?”

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मलाच द्यावं लागलं. “शेतावर जातो. गाडीनं.” गाडी केवढी जुनी, काचा बंद असतात का, इतक्यात काही काम केलं का, असं ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. धूर आत येतो का, असं विचारलं तेव्हाही मी म्हणालो, “नाही. मी तपासलीय.” इतकं होऊनही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, की ह्या धुरातला घातक वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, लांबचा प्रवास काचा लावून केला तर त्यात बसलेलं माणूस झोपतं ते उठत नाही. पुढच्या महिन्यात आम्ही त्याच गाडीनं कोल्हापूरला एका लग्नाला जाणार होतो.

दवाखान्यातून मी सरळ घरी येऊन गाडी काढली आणि चारही काचा खाली करून दहिवलीला नेली. ती दोघं मागून रिक्षानं आली. वाटेत माझ्या मनात काय होतं, तर त्या वेल्डरचा सांधा फाटला असणार, आता त्याला दाखवतोच. हा माझा स्वभाव.

मी तावातावानं बोलत होतो, तोवर त्यानं ऐकून घेतलं. मग ओलं गोणपाट आणून पुन्हा सगळे सांधे तपासून दाखवले. एकही फाटला नव्हता. नंतर त्यानं इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरात चमचाभर ऑइल सोडलं. पाइपातून दाट पांढरा धूर सुटला. तो दाराच्या खाली घोटाळला, बाहेर न जाता गाडीच्या पोटाखाली गेला. वेल्डरनं सगळ्या काचा वर केल्या, डावं दार उघडलं, मॅट उचलून बाजूला टाकली आणि मला हातानं जवळ बोलावलं.

जिथं माझी बायको पाय ठेवून बसते, तिथं पत्र्याला माझा पंजा जाईल एवढं भोक होतं. त्यातून धूर वर येत होता. उदबत्तीसारखा, सरळ. सीटच्या उंचीला आला आणि तिथं पसरला. मला तिथं ती बसलेली दिसली, काच लावून, गप्प.

वेल्डरनं इंजिन बंद केलं. ‘मी सांगितलं होतं’ असं तो म्हणेल, आणि त्यानं म्हणावंच, म्हणून मी उभा राहिलो. तो म्हणाला, “वयनीला पानी द्या आदी,” आणि पत्रा मोजायला गेला.

ती त्याच्या दारातल्या स्टुलावर बसली होती. मेहुणा पाणी आणायला गेला. मी तिच्यापाशी गेलो. मला माफी मागायची होती, पण मी संसारात कधी मागितलेली नाही, त्यामुळे शब्द जुळेनात. तोंडातून निघालं ते असं, “तुला गाडीचा संशय आला नाही का गं?”

“आला होता,” ती म्हणाली. “पहिल्याच रविवारी.”

“मग?”

“तुम्ही म्हणालात गाडीत काही नाही. तुम्ही स्वतः बघितलंय म्हणालात.” तिच्या आवाजात राग नव्हता. “तुम्ही कुणाचंच खरं मानत नाही, मला माहीत आहे. म्हणून तुम्ही एकदा बघितलंय म्हटलं की मी दुसरीकडे बघत नाही. मला वाटलं, मग आपल्यालाच काहीतरी झालंय.”

मी खाली बघितलं. ती उठली आणि भावाबरोबर रिक्षात बसून घरी गेली.

पत्रा बसला. त्याला लागायचे ते चार दिवस मी त्याला दिले, आणि एकदाही तिकडे फिरकलो नाही. पाइप आता उजवीकडे आहे, चार बोटं बाहेर. चारफाट्यावर तो कुणाला दिसत नाही.

रविवारी मी गाडी पुसून दारात लावली. ती पिशव्या घेऊन बाहेर आली. मी तिच्यासाठी दार उघडलं आणि म्हणालो, “बस. मी सगळं स्वतः बघून घेतलंय.”

ती पायरीवरच थांबली. पिशवीतून तिनं फोन काढला, दहिवलीच्या वेल्डरला लावला आणि विचारलं, “भाऊ, मी बसू का गाडीत?” तिकडून तो बराच वेळ काहीतरी सांगत होता. मी दार धरून उभा होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली, फोन ठेवला आणि मग गाडीत बसली.